पागानिनीला रखमानिनोव्हचा नमस्कार : एक धून, चोवीस रूपं

गंधार_पुणे

पाश्चात्त्य अभिजात संगीतावर इथे अधूनमधून लिहिलं जातं, पण बहुतेक वेळा गाडी बेथोव्हन-मोझार्टपाशी येऊन थांबते. आज जरा पुढच्या काळातल्या रचनेबद्दल लिहितोय. निकोलो पागानिनीच्या एका धुनेवर सर्गेई रखमानिनोव्हने १९३४ साली रचलेली रॅप्सडी, म्हणजे मोकळ्या बांधणीची रचना. पियानो आणि पूर्ण ऑर्केस्ट्रा, ए मायनर (ए हा षड्ज, गंधार कोमल), ओपस म्हणजे रचनाक्रमांक ४३. मूळ धून एक, तिची रूपं २४, आणि सगळं मिळून सलग २२-२४ मिनिटं. एका वादक-रचनाकाराने आपल्या आधीच्या वादक-रचनाकाराला इतकं समजून-उमजून केलेला नमस्कार माझ्या ऐकण्यात दुसरा नाही.

आधी पागानिनीबद्दल. जन्म १७८२, जिनोआ. त्याच्या व्हायोलिनने युरोपला असं काही झपाटलं की माणसाला हे शक्यच नाही, याने सैतानाला आत्मा विकलाय, असं लोक उघड बोलू लागले. किडकिडीत अंगकाठी, फिकट चेहरा, काळा पोशाख, त्यामुळे कंड्या आणखी पिकत गेल्या. १८४० मध्ये नीसला तो गेला, तेव्हा तिथल्या बिशपने त्याला ख्रिस्ती विधीने पुरायला परवानगी नाकारली. शवपेटी वर्षानुवर्षं एका जागेवरून दुसऱ्या जागी हलत राहिली आणि पार्माच्या दफनभूमीत तिला जागा मिळेपर्यंत १८७६ उजाडलं. छत्तीस वर्षं! आयुष्यभर हातांनी केलेल्या मेहनतीचं श्रेय लोकांनी सैतानाला देऊन टाकलं आणि त्याची किंमत त्या बिचाऱ्या देहाने मोजली.

त्याच्या एकट्या व्हायोलिनसाठीच्या २४ कॅप्रिस (छोट्या, करामतीच्या रचना) मिलानच्या रिकॉर्डी या प्रकाशकाने १८२० मध्ये छापल्या. अर्पणपत्रिकेत राजा नाही, सरदार नाही, फक्त 'कलावंतांना'. त्यातल्या शेवटच्या कॅप्रिसची धून जेमतेम १२ बारांची (मात्रांच्या गटांची) आहे. साधी, ठाशीव, एकदा ऐकली की डोक्यातून न जाणारी. पुढच्या पिढ्यांतल्या रचनाकारांपैकी लिस्टने ती पियानोवर आणली, ब्राम्सने तिच्यावर दोन वह्या भरून व्हेरिएशन्स, म्हणजे धुनेची बदललेली रूपं, लिहिली. रखमानिनोव्ह या रांगेत बराच उशिरा आला.

आणि तो आला तो कोणत्या अवस्थेत, हे महत्त्वाचं आहे. डिसेंबर १९१७ मध्ये त्याने रशिया सोडला, तो परत गेलाच नाही. इवानोव्का इथली शेतीवाडी, जिथे त्याने आपलं बहुतेक संगीत लिहिलं होतं, ती गेली. पोटासाठी पियानिस्ट म्हणून अमेरिका-युरोपचे दौरे सुरू झाले आणि लिहिणं जवळपास आटलं. देश सोडल्यावरच्या पंचवीस वर्षांत ओपस क्रमांकाच्या फक्त सहा रचना. चौथा पियानो कॉन्चेर्तो (पियानो आणि ऑर्केस्ट्रासाठीची रचना) १९२७ मध्ये सादर झाला तेव्हा समीक्षकांनी झोडपून काढला. १९३१ मध्ये सोव्हिएत राजवटीवर टीका करणाऱ्या पत्रावर त्याने सही केली, तर मायदेशात त्याच्या संगीतावर बहिष्कार आला. अशा माणसाने स्वित्झर्लंडमध्ये ल्युसर्न सरोवराकाठी घर बांधलं, सर्गेई, पत्नी नताल्या आणि रखमानिनोव्ह या नावांतून त्याचं नाव ठेवलं सेनार, आणि तिथे १९३४ च्या उन्हाळ्यात, ३ जुलै ते १८ ऑगस्ट, ही रॅप्सडी लिहून काढली. दीड महिना! ७ नोव्हेंबरला बाल्टिमोरमध्ये पहिला प्रयोग, पियानोवर तो स्वतः, फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्रा, संचालक लिओपोल्ड स्टोकोव्स्की. श्रोत्यांनी डोक्यावर घेतली.

आता माझा खरा मुद्दा. मूळ धुनेचा गाभा पाच स्वरांचा आहे. आपल्या पद्धतीने ए हा षड्ज धरला तर सा-ग-रे-सा-प. गंधार कोमल, शेवटचा पंचम मंद्रातला. पेटीवर वाजवून बघा, पटकन सापडेल. आता प्रसिद्ध अठरावं व्हेरिएशन घ्या, जे रेडिओवर, सिनेमांत, लग्नसमारंभांत सगळीकडे ऐकू येतं. तिथे षड्ज डी फ्लॅटवर गेलाय, सगळं मेजरमध्ये आहे आणि स्वर आहेत प-ग-म-प-सां. सगळे शुद्ध. पहिल्या धुनेत जिथे स्वर जेवढा वर चढतो, तिथे इथे नेमका तेवढाच खाली उतरतो. जिथे उतरतो तिथे तेवढाच चढतो. अर्ध्या स्वराचाही फरक नाही! म्हणजे सगळ्या जगाला जी अस्सल रखमानिनोव्हची हळवी धून वाटते, ती पागानिनीचीच आहे, उलटी धरलेली आणि लय संथ केलेली.

मी याला आदरांजली म्हणतो ते यासाठी. पागानिनीला आयुष्यभर लोकांनी बोटांची करामत करणारा जादूगार मानलं. रचनाकार म्हणून त्याला कोणी फारसं खिजगणतीत धरलं नाही. रखमानिनोव्हला हे दुखणं घरचंच होतं. पियानिस्ट म्हणून जग त्याच्यापुढे झुकत होतं आणि रचनाकार म्हणून जुनाट ठरवत होतं. त्याने पागानिनीची बोटं दाखवली नाहीत, त्याने ती धून किती खोल आहे ते दाखवलं.

---

अभंगवेडा

सुंदर लिहिलंय. लेख वाचून लगेच ऐकलं, पाश्चात्त्य ऑर्केस्ट्रा असा कान देऊन पहिल्यांदाच. प-ग-म-प-सां पेटीवर वाजवलं आणि अंगावर काटा आला. पण सुरुवातीला गोंधळ उडाला. धून ओळखीची होईपर्यंत पहिली दोन मिनिटं निघून गेली. चोवीस तुकडे ओळखायचे कसे? मध्ये थांबा तर कुठेच नाही.

---

गंधार_पुणे

@अभंगवेडा, गोंधळ होणं साहजिक आहे, कारण त्याने क्रमच वेगळा ठेवलाय. छोटी प्रस्तावना, मग पहिलं व्हेरिएशन, आणि त्यानंतर मूळ धून! पहिल्या व्हेरिएशनमध्ये ऑर्केस्ट्रा धुनेचे फक्त टेकायचे स्वर वाजवतो, अंग नाही, नुसता सांगाडा. बेथोव्हनने तिसऱ्या सिंफनीच्या शेवटच्या भागात हीच युक्ती केली होती.

तुकडे मोजत बसू नका. तीन भाग धरा. १ ते १० एका दमात, जलद. ११ वं म्हणजे जिना उतरून दुसऱ्या खोलीत जाणं, पियानो जवळपास एकटाच विचार करत असल्यासारखा. तिथून १८ पर्यंत मधला भाग. १२ वं मिनुएट या जुन्या दरबारी नाचाच्या डौलात, १६-१७ मध्ये अंधार दाटत जातो, १७ तर अक्षरशः चाचपडत चालतं, आणि मग १८ वं उघडतं. १७ न ऐकता थेट १८ लावणारे निम्मी मजा घालवतात असं माझं ठाम मत आहे. १९ ते २४ पुन्हा ए मायनर, वेग वाढत वाढत शेवटापर्यंत.

आणि ७ व्या व्हेरिएशनवर नक्की थांबा. वेग अचानक कमी होतो आणि पियानो जड, एकेक पाऊल टाकत चाललेल्या स्वरगुच्छांत एक दुसरीच धून वाजवतो. ती 'दिएस इरे', मृतांसाठीच्या प्रार्थनेतलं मध्ययुगीन लॅटिन स्तोत्र, कयामतीच्या दिवसाचं. रखमानिनोव्हच्या संगीतात ती पुन्हा पुन्हा येते. इथे ७, १० आणि शेवटच्या २४ व्या व्हेरिएशनमध्ये.

---

पार्लेकरीण

त्या दिएस इरेबद्दल थोडी भर. ती तिथे का आहे हे रखमानिनोव्हने स्वतःच नंतर सांगितलंय. नृत्यरचनाकार मिखाईल फोकिन या संगीतावर बॅले बसवायच्या विचारात होता. त्याला २९ ऑगस्ट १९३७ च्या पत्रात रखमानिनोव्हने कथाच सुचवली. कलेतल्या परिपूर्णतेसाठी आणि एका स्त्रीसाठी पागानिनीने दुष्ट शक्तीला आत्मा विकला, ती दंतकथाच का घेऊ नये? दिएस इरे येते ती सगळी व्हेरिएशन्स म्हणजे ती दुष्ट शक्ती. ११ ते १८ हा प्रेमाचा भाग. पागानिनी पहिल्यांदा दिसतो मूळ धून वाजते तेव्हा, आणि हरलेला असा शेवटचा दिसतो २३ व्या व्हेरिएशनच्या पहिल्या १२ बारांत. तिथून पुढे जिंकणाऱ्यांचा जल्लोष. बॅले 'पागानिनी' या नावाने जून १९३९ मध्ये लंडनच्या कॉव्हेंट गार्डनला झाला.

म्हणजे ज्या अफवेने पागानिनीला मेल्यावरही सोडलं नाही, तीच अफवा रखमानिनोव्हने संगीतात आणली. यावर माझं मत गंधार यांच्यापेक्षा थोडं वेगळं आहे. मला ही नुसती मानवंदना वाटत नाही, ती भीतीही वाटते. साठी ओलांडलेला, देश गमावलेला कलावंत स्वतःलाच विचारतोय की एवढं वाजवण्याची किंमत मी कशात मोजली. १८ वं व्हेरिएशन ऐकून लोक सुस्कारा टाकतात, पण संगीत तिथे संपत नाही. त्यानंतर जे येतं ते निर्दय आहे.

एक तांत्रिक गोष्ट तुमच्याच सरगमच्या पद्धतीने. दिएस इरेचे पहिले चार स्वर सा तोच धरून लिहिले तर ग-रे-ग-सा, गंधार कोमल. पागानिनीच्या धुनेचे सा-ग-रे-सा. दोघांकडे तेच तीन स्वर! ती धून त्याला बाहेरून आणून चिकटवावी लागली नाही, पागानिनीच्या पोटातच सापडली.

---

गंधार_पुणे

@पार्लेकरीण, ग-रे-ग-सा आणि सा-ग-रे-सा! एवढी वर्षं ऐकतोय, दोन्ही असे शेजारी ठेवून कधी पाहिले नव्हते. फार आनंद झाला. पत्राबद्दलही आभार.

---

व्हायोलिनवाली

माझा थोडा विरोधी सूर. राग मानू नये.

मी व्हायोलिन शिकले ते दादरला एका गोव्याच्या सरांकडे. चर्चमध्ये सॉल्फेज (पाश्चात्त्य सरगम) शिकून मुंबईत आलेली आणि स्टुडिओंतल्या ऑर्केस्ट्रात वाजवून घर चालवलेली ती पिढी. सर स्टुडिओतून दमून आले तरी झोपायच्या आधी म्यूट (आवाज दबवणारी चिमटी) लावून कॅप्रिस वाजवायचे. २४ व्या कॅप्रिसमध्ये पागानिनीने स्वतःच त्या धुनेची ११ व्हेरिएशन्स आणि शेवट लिहिलाय, हे इथे कोणीच सांगितलं नाही. आणि ती नुसती करामत नाही. तिसऱ्यात सप्तकांची जोडी, दोन तारांवर एकच धून दोन उंचींवर, इतकी संथ आणि उघडी की बोट केसभर सरकलं तरी ऐकू येतं. सहाव्यात तिसऱ्यांच्या आणि दहाव्यांच्या जोड्या, म्हणजे एकमेकांपासून तिसरे किंवा दहावे असलेले दोन स्वर एकदम. दहाव्यांसाठी पहिलं बोट आणि चौथं बोट इतकं ताणावं लागतं की मनगटातून कळ येते. नवव्यात डाव्या हाताचं पिझिकातो. म्हणजे जो हात तारा दाबतो, त्याच हाताची मोकळी बोटं तार छेडतात, आणि मधल्या स्वरांवर बो (गज) वरून टपकतो. सर म्हणायचे, इथे हात मोठा लागत नाही, सैल लागतो. नंतर वाचनात आलं की पागानिनीला तपासणाऱ्या डॉक्टर बेन्नातींनीही १८३१ मध्ये तेच लिहिलंय, हात नेहमीच्याच मापाचा पण कमालीचा लवचीक.

माझं म्हणणं असं, की ज्याने आयुष्य व्हायोलिनला वाहिलं त्याला आदरांजली वाहताना समोर पियानो आणून ठेवायचा आणि व्हायोलिनला ऑर्केस्ट्रात मागे बसवायचं, यात काहीतरी चुकतंय. रचना महान आहे, वाद नाही. पण तिच्यात पागानिनीचा हात मला दिसत नाही.

---

गंधार_पुणे

@व्हायोलिनवाली, राग कसला, तुमचा प्रतिसाद वाचून कॅप्रिस पुन्हा ऐकली. सरांबद्दल आणखी लिहा, वेगळा धागाच काढा.

पण दोन गोष्टी मांडतो. एक, मूळ धून या रचनेत पहिल्यांदा पूर्ण वाजते तेव्हा ती पियानोकडे नाही. ती व्हायोलिनांकडे आहे! त्या काळचा सर्वांत मोठा पियानिस्ट स्वतः मंचावर बसलाय आणि धून येते तेव्हा तो फक्त मधूनमधून एकेक स्वर टेकवतो. पागानिनीची ओळख त्याने व्हायोलिनांनाच करून द्यायला लावली. दोन, १९ वं व्हेरिएशन ऐका. पियानोचे सुटे, टणत्कारी, उडते स्वर, आणि ऑर्केस्ट्राच्या तारा बो न लावता छेडलेल्या. १८ व्याच्या त्या लांब स्वरांनंतर लगेच हे येतं. मला तिथे पागानिनीचं पिझिकातो ऐकू येतं.

---

व्हायोलिनवाली

धून व्हायोलिनांकडे आहे हा मुद्दा मान्य, अगदी मनापासून. १९ वंही ऐकलं, पटलं. तरीही माझं मन एकट्या व्हायोलिनपाशीच राहणार. तो माणूस मंचावर एकटा उभा राहत होता, मागे कोणी नाही. चाळीस तारवाद्यांनी मिळून ती धून वाजवली की ती सुंदर होते, पण त्यातला धोका जातो.

---

म्यूनिककर

व्हायोलिनवाली यांच्यासाठी. जर्मन रचनाकार बोरिस ब्लाखरची ऑर्केस्ट्रल व्हेरिएशन्स ऐका, १९४७, ओपस २६, हीच धून. तिथे सुरुवातीला एकटं व्हायोलिन धून वाजवतं, पागानिनीने लिहिली तशीच, आणि मग ऑर्केस्ट्रा ती हातात घेतो. पियानो नाहीच. कोरडी, तल्लख, थोडी जॅझकडे झुकणारी रचना आहे. इकडे ती अजूनही मैफलींत ऐकायला मिळते.

इटालियन बाजूने अल्फ्रेदो कासेल्लाची 'पागानिनियाना', १९४२, ओपस ६५. व्हिएन्ना फिलहार्मोनिकच्या शताब्दीसाठी लिहिलेली. चार भाग, शेवट तारांतेल्ला या जलद इटालियन नाचाचा. कासेल्लाने २४ वी कॅप्रिस बाजूला ठेवून पागानिनीचं इतर, कमी वाजणारं संगीत घेतलं, म्हणून मला ती आवडते. भारी कपडे काढून ठेवलेला, हसरा पागानिनी त्यात भेटतो.

आणि पोलिश रचनाकार व्हितोल्ड लुतोस्वाव्स्की. १९४१, नाझींच्या ताब्यातली वॉर्सा. जाहीर मैफली बंद, म्हणून तो आणि आंद्जेई पानुफ्निक कॅफेंमध्ये दोन पियानोंवर वाजवून पोट भरायचे. दोघांनी मिळून सुमारे २०० रचना दोन पियानोंसाठी बसवल्या होत्या. १९४४ च्या उठावात शहराबरोबर ते सगळं कागद-पत्र जळून गेलं. त्यातून टिकली ती ही पागानिनी व्हेरिएशन्स. पुढे सत्तरच्या दशकात त्याने त्याचं पियानो आणि ऑर्केस्ट्रासाठी रूप केलं. पाच-सहा मिनिटांची रचना आहे, कॅप्रिसच्या क्रमानेच जाते. ही माहिती डोक्यात ठेवून ऐकलं की त्यातल्या वेगाला वेगळाच अर्थ येतो. कलावंताचं रोजचं जेवण त्या धुनेवर चाललं होतं.

---

नाना_सातारकर

चर्चा फार वरच्या दर्जाची चाललीय, वाचतोय. पागानिनीच्या माणूस म्हणून बाजूवर कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

सैतानाचा दोस्त, पैशाचा लोभी अशी त्याची ख्याती. पण फ्रेंच रचनाकार बर्लिओझची गोष्ट बघा. पागानिनीच्या हाती नामांकित कारागीर स्त्रादिव्हारीची एक उत्तम व्हायोला (व्हायोलिनची थोडी मोठी, खालच्या सुरांची बहीण) आली आणि तिच्यासाठी काही लिहून दे असं त्याने बर्लिओझला सांगितलं. कच्चा मसुदा पाहून म्हणाला, व्हायोलाला गप्प बसायलाच फार वेळ आहे. त्याचं वाजवायचं राहून गेलं. बर्लिओझने ती रचना 'हॅरल्ड इन इटली' म्हणून पूर्ण केली. डिसेंबर १८३८ मध्ये पॅरिसला पागानिनीने ती पहिल्यांदा ऐकली. तोवर आजाराने त्याचा आवाज गेला होता, तोंडाजवळ कान नेऊन मुलगा अखिले त्याचं म्हणणं लोकांना सांगायचा. मैफल संपल्यावर तो बर्लिओझपुढे सर्वांदेखत गुडघ्यावर बसला. दोन दिवसांत २०,००० फ्रँक पाठवून दिले.

बर्लिओझने त्यातून देणी फेडली आणि उरलेल्या निवांतपणात 'रोमिओ आणि ज्युलिएट' ही मोठी नाट्य-सिंफनी लिहिली, १८३९. ती पागानिनीला अर्पण केलेली आहे. त्याने मात्र ती कधीच ऐकली नाही. तेव्हा ऑर्केस्ट्राची पहिली मानवंदना रखमानिनोव्हच्या ९५ वर्षं आधीची, आणि तीही पागानिनी जिवंत असतानाची. त्यात त्याची एकही धून नाही. ज्याच्यामुळे लिहायला मोकळा वेळ मिळाला त्याचं नाव पहिल्या पानावर, एवढंच. मला तीही मानवंदना तितकीच मोठी वाटते.

---

पार्लेकरीण

नाना, हे वाचून डोळे भरून आले. जो व्हायोलाच्या विश्रांतीच्या जागा मोजत होता, तोच गुडघ्यावर बसला! दुसऱ्याचं मोठेपण ओळखायला मन मोठंच लागतं.

---

अभंगवेडा

आता तिसऱ्यांदा ऐकतोय. ७ वं ओळखता आलं, ११ वंही. शेवट मात्र कळला नाही. एवढा गदारोळ, ब्रासमध्ये (पितळी वाद्यांत) ती दिएस इरे गर्जतेय, आणि मग दोन-चार हलके स्वर आणि संपलंच? मला वाटलं फाइल तुटली.

आणि रेकॉर्डिंग कोणतं घ्यावं? यूट्यूबवर ढीग पडलाय.

---

गंधार_पुणे

फाइल बरोबर आहे. तो शेवट तसाच लिहिलाय. दिएस इरे पूर्ण ताकदीने येते, सगळं कोसळणार असं वाटतं, आणि पियानो ऑर्केस्ट्रासह धुनेचा एवढासा तुकडा हळूच वाजवून थांबतो. पार्लेकरीण यांच्या अर्थाने बघितलं तर जिंकणाऱ्यांच्या जल्लोषानंतरही पागानिनीची धूनच शेवटचं बोलते. मला तो शेवट फार प्रिय आहे. २४ व्यातल्या उड्या पियानिस्टसाठी भयानक आहेत. खुद्द रखमानिनोव्हला त्यांची धास्ती वाटायची आणि पियानिस्ट बेन्नो मोइझेइविचच्या सल्ल्याने तो वाजवण्याआधी पेपरमिंटची दारू घोटभर घ्यायचा, असं सांगितलं जातं.

रेकॉर्डिंगचं म्हणाल तर आधी त्याचं स्वतःचंच. स्टोकोव्स्की आणि फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्राबरोबर २४ डिसेंबर १९३४ चं, म्हणजे पहिल्या प्रयोगानंतर दोन महिनेही झाले नव्हते. आवाज जुना आहे, खरखर आहे, पण १८ वं तो किती सरळ, न ओथंबता वाजवतो ते ऐका. आजचे बरेच वादक तिथे इतके रेंगाळतात की धून उलटी आहे हे कानाला कळतच नाही. त्याच्या वेगात ते कळतं. स्वच्छ आवाज हवा असेल तर आर्थर रुबिनस्टाइन आणि फ्रिट्झ रायनर, शिकागो, १९५६. अलीकडचं हवं तर दानिल त्रिफोनोव्ह, २०१५ मध्ये आलेलं. तेही फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्राबरोबरच आहे.

@व्हायोलिनवाली, तुम्ही कॅप्रिससाठी कोणतं सुचवाल? तेही इथेच लिहा.

---

व्हायोलिनवाली

सगळ्या २४ एकत्र ऐकायच्या तर इत्झाक पर्लमन, १९७२. तिसरं व्हेरिएशन तो सप्तकांमध्ये गातो. त्याच्या आधीचं मायकेल राबिनचंही मिळवा, ते जास्त धारदार आहे. दोन्ही ऐकून लगेच रॅप्सडीचं १९ वं लावा. मी आत्ता तेच करून बघितलं.